न मोडलेली पिन

मांडवकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मांडवकरवरच चिडलेलो होतो. आमच्या बाथरूमच्या नळाचा आटा झिजला होता आणि तो बघायला तो सकाळी अकराला येणार होता. बारा वाजून गेले तरी पत्ता नाही. मोबाइल लावला की नुसता वाजत राही. "मुलीनं एवढा मोबाइल घेऊन दिलाय, तो काय देव्हाऱ्यात ठेवायला?" असं मी बायकोला ऐकवत होतो, तेवढ्यात त्याच्याच नंबरवरून फोन आला. उचलल्या उचलल्या मी तोंड सोडलं. पलीकडे त्याची मुलगी होती, सुजाता. माझं सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "काका, बाबा गेले. आत्ता, दवाखान्यात." त्यावर माझ्या तोंडून काय निघावं? "अगं, पण तो अकराला येणार होता." ती बिचारी म्हणाली, "हो ना काका…"

नंतर कळलं ते असं. दोन दिवस त्याच्या छातीत दुखत होतं. गॅस आहे म्हणून तो ओवा चावत होता. तिसऱ्या दिवशी वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, भांडून त्याला भाईंदर पश्चिमेच्या त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे त्याचा नंबर सातवा होता. तापानं फणफणलेल्या एका बाईला त्यानं पुढे जाऊ दिलं, मग एका म्हाताऱ्याला जाऊ दिलं, कारण म्हाताऱ्याला उभं राहवत नव्हतं. कंपाउंडरनं त्याच्या नावानं हाक मारली तेव्हा तो भिंतीला डोकं टेकून बसलेला होता. लोकांना वाटलं, डोळा लागला. हे ऐकून लोक हळहळले, 'किती चांगला माणूस' म्हणाले. मला मात्र संताप आला, अजून येतो. छातीत कळ येत असताना 'मला आधी आत जाऊ द्या' एवढं पाच शब्दांचं वाक्य ज्याला बोलता येत नाही, त्याच्या चांगुलपणाचं काय लोणचं घालायचं?

गोपाळ मांडवकर मूळचा रत्नागिरीकडचा. मुंबईत गिरणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होता. गिरणी बंद पडल्यावर धातू कातायचं एक जुनं लेथ मशीन घेऊन त्यानं मीरा रोडजवळच्या हाटकेशला गाळा भाड्यानं घेतला. मी गिरगावातून मीरा रोडला राहायला आलो तो दोन हजार सालच्या आसपास. अंधेरीच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होतो, निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. घरचा मिक्सर बंद पडला, त्याची कपलिंग कुठेच मिळेना, तेव्हा कुणीतरी मला मांडवकरच्या गाळ्याचा पत्ता दिला. आजूबाजूला सगळे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, त्यांच्या पॉलिशचा काळा धुरळा, आणि त्या सगळ्यात या एका गाळ्यातून रॉकेलचा पांढरा धूर निघत होता. आत निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी भरलेलं आणि पिंपाच्या काठाला अडकवलेलं एक इंजिन त्या पाण्यात पंखा फिरवत बोंबलत होतं. पाणी छतापर्यंत उडत होतं. बाजूला एक किडकिडीत, चष्मेवाला माणूस डोळे मिटून उभा. त्यानं मला हातानं 'थांबा' अशी खूण केली. तो आवाज ऐकत होता. इंजिन बंद केल्यावर म्हणाला, "अजून एका जागी अडखळतंय. तुम्हाला ऐकू आलं का साहेब?" मला तोपर्यंत कशाचंच काही ऐकू येत नव्हतं.

होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची ही इंजिनं, आऊटबोर्ड मशीन म्हणतात त्यांना. उत्तनकडच्या आणि खाडीकाठच्या लहान होड्यांवर तेव्हा अशी तीस-चाळीस वर्षांची म्हातारी मशिनं होती. बनवणाऱ्या कंपन्या कधीच्या मिटल्या होत्या किंवा जुनी मॉडेलं विसरून गेल्या होत्या. नवं घ्यायची कुणाची ऐपत नाही आणि जुन्याला सुटा भाग मिळत नाही. मग मांडवकर. भंगारबाजार पालथे घालून तो मेलेली मशिनं आणायचा आणि त्यांची हाडं जिवंत मशिनांना लावायचा. वेरावळच्या, मंगळूरच्या अनोळखी दुकानदारांना पोस्टकार्डं टाकायचा आणि कार्डावर हव्या त्या भागाचं चित्र काढायचा. जे मिळायचं नाही ते तो करायचा. कार्ब्युरेटरमधला तरंगणारा गोळा त्यानं बुचाच्या लाकडातून कोरून, लाखेनं रंगवून बसवलेला मी पाहिलाय. पाणी खेचणारी रबराची फिरकी तो कारखान्यातल्या फाटक्या पट्ट्यातून कापायचा. ज्या भागाचा नमुनाही शिल्लक नाही, तो तो बाकीच्या भागांकडे बघून ओळखायचा. "मधला दात पडला तरी तो केवढा होता ते शेजारचे दात सांगतात," असं त्याचं म्हणणं.

मी दर रविवारी सकाळी त्याच्याकडे जाऊन बसू लागलो. तो काम करायचा, मी बोलायचो. चहा सांगायचो आणि सल्ले द्यायचो. इंटर सायन्सपर्यंत शिकलेला, इंग्रजी कॅटलॉग वाचता येणारा मी; त्याच्या डोळ्यांत मी इंजिनियरच होतो. ज्यानं बापजन्मात हातात कानस धरली नाही त्यानं टर्नरला अक्कल शिकवायची, याला आपल्याकडे उंटावरचा शहाणा म्हणतात. मांडवकर मला 'लेले साहेब' म्हणायचा, अहो-जाहो करायचा. मी त्याला अरे-तुरे करायचो. वयानं तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा होता. यात काही खटकण्यासारखं आहे हे मला सुचलं ते त्याच्या तेराव्याला, पाटाजवळच्या फोटोसमोर बसल्यावर.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती लिहायची म्हणून तर हा लेख आहे, आणि तीच टाळत मी इथवर आलो.

उत्तनच्या बाजूच्या एका गावातला इनास नावाचा कोळी मांडवकरकडे यायचा. (त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं नाव मी बदललंय. माझं आणि मांडवकरचं बदललेलं नाही.) उंच, हसरा, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर थाप मारणारा माणूस. त्याचं मशीन त्याच्या वडिलांच्या वेळचं. या मशिनांमध्ये पंखा दांड्यावर बसतो आणि दोघांच्या आरपार एक आडवी पितळेची पिन जाते, बोटाच्या दोन पेरांएवढी. दांडा फिरला की पिनेच्या जोरावर पंखा फिरतो. पंखा कुठे खडकावर, लाकडावर आदळला तर पिन मोडते, पंखा सुटा होतो आणि आतल्या दातेरी चाकांचे दात वाचतात. मग नावाड्यानं मशीन वर उचलायचं, मोडके तुकडे काढायचे, नवी पिन घालायची आणि निघायचं. पाच मिनिटांचं काम. म्हणून प्रत्येक होडीत चार-पाच पिना डबीत असतात. पितळ मऊ असतं म्हणूनच ती पितळेची करायची.

त्या वर्षी खाडीच्या तोंडाशी गाळाचे उंचवटे सरकले होते, आणि जाळी बांधायचे खुंटही नव्या जागी ठोकले होते. इनासच्या पिना पटापटा मोडू लागल्या. एका रविवारी तो मी असतानाच आला. "मास्तर, तुमची पीन टिकत न्हाय. पंधरा दिसांत तीन मोडल्या. म्हावरं राहतं बाजूला आन मी पीन बदलीत बसतो." बोलला हसतच, पण मांडवकरचा चेहरा उतरला. आपल्या हातची वस्तू टिकत नाही, हे कारागिराला कसं लागतं ते मला तेव्हा दिसलं. इनास गेल्यावर तो म्हणाला, "मोडायचीच असते साहेब ती. मोडली नाही तर…" ते वाक्य मी त्याला पुरं करू दिलं नाही. मी म्हणालो, "हेच आपलं चुकतं, मांडवकर. गिऱ्हाईक टिकत नाही म्हणतंय आणि तू मोडायचीच असते म्हणून सांगतोस. मग तुझ्या कामाला अर्थ काय? जपानी माणूस असा बोलेल का?" जपानी माणूस काय बोलतो हे मला कुठलं माहीत? पण रविवारची सकाळ होती, चहा झालेला होता आणि माझी गाडी भरधाव सुटली होती. त्याच्या स्वतःच्या लेथमध्येसुद्धा अशीच एक मोडायची पिन होती, हे त्यानं मला दाखवलं. मी ते हसण्यावारी नेलं.

पुढच्या रविवारी मी कंपनीच्या भंगारातून, रीतसर गेटपास करून, कडक स्टेनलेसची एक हातभर सळई घेऊन गेलो. मापाला बरोबर. मांडवकरनं ती हातात घेऊन लेथच्या कडेवर वाजवून पाहिली. टण्ण आवाज झाला. "ही जन्मात मोडायची नाही," तो म्हणाला. कौतुकानं म्हणाला की भीतीनं, ते मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी म्हणालो, "तेच तर पाहिजे!" त्यानं सळई लेथवर ठेवली. मग म्हणाला, "तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणताय तर करून बघतो." एकच पिन केली त्यानं. इनास आला तेव्हा ती त्याच्या हातावर ठेवली आणि मी मध्येच म्हणालो, "आता डबी घरी ठेव." तो खूश होऊन खांद्यावर थाप मारून गेला. ती थाप त्यानं मला मारली होती.

पूर्ण हंगाम पिन मोडली नाही. इनास भेटला की हात जोडायचा. एकदा कागदात बांधून बोंबील घेऊन आला. मांडवकरच्या घरी ते शिजले. मी खात नाही, पण श्रेय मात्र भरपेट खाल्लं. इतर कोळीही तसलीच पिन मागायला लागले, पण मांडवकर त्यांना आज करतो, उद्या करतो म्हणत टाळत राहिला. मी त्याला आळशी म्हणालो. तो टाळत होता म्हणून आणखी किती माणसं वाचली, याचा हिशेब मी करत नाही.

पुढचा पावसाळा संपला, होड्या पाण्यात उतरल्या, आणि पंधराएक दिवसांनी इनास गेला. दुपार कलताना एकटाच निघाला होता. ओहोटी लागलेली, वरून वारा. खाडीच्या तोंडाशी पाण्याखालच्या एका खुंटावर पंखा आदळला असणार. पिन मोडली नाही. ती नुसती थोडी वाकली, आणि तो सगळा दणका आत गेला. काठावरच्या एका बाईनं सांगितलं, मशीन ओरडत होतं पण होडी पुढे जात नव्हती. तो एका वल्ह्यानं झटत होता. पाण्यानं त्याला खडकांकडे ओढत नेलं. होडी फुटली. तो सापडला दोन दिवसांनी. गावात सगळे म्हणाले, दर्यानं नेला. दर्याला कोण जाब विचारणार?

मशीन मात्र साखळीनं फळीला बांधलेलं होतं, ते फळीसकट मिळालं. इनासचा धाकटा भाऊ बस्त्याव आठवड्याभरानं ते मांडवकरकडे घेऊन आला. घर चालवायचं तर मशीन चालायला हवं होतं. "मास्तर, बघा काय होतंय काय," एवढंच बोलून तो गेला. तो रविवार होता, मी तिथेच स्टुलावर होतो. मांडवकरनं मशीनच्या खालच्या टोकाचं, दातेरी चाकांचं घर उघडलं. आतून तेलाऐवजी खारं पाणी आलं आणि पाण्याबरोबर दातांचे तुकडे आले, भाजलेल्या शेंगदाण्यांएवढे. दांडा पिळवटलेला होता. आणि पिन जागच्या जागी, चकचकीत. ती निघेना. शेवटी त्यानं दाबयंत्रात धरून बाहेर काढली, फडक्यानं पुसली आणि शर्टाच्या खिशात टाकली. मग तो खाली बसला. जमिनीवरच, तेलात. मला म्हणाला, "साहेब, पितळेची असती तर पाच मिनिटांचं काम होतं."

मी काय बोललो ते इथे जसंच्या तसं लिहितो, कारण वहिनींना मी शब्द दिलाय की काही लपवणार नाही. मी म्हणालो, "असं कसं म्हणता येईल? वारा होता, ओहोटी होती." तो म्हणाला, "मी जाऊन सांगतो त्यांना." मी म्हणालो, "सांगून काय होणारे? माणूस परत येणारे का? उगाच त्यांच्या मनात सल घालशील. आणि पोलीस, कोर्ट… तुझ्या मुलीचं लग्न व्हायचंय." मी पुढे म्हणालो, "काही बोलू नकोस. मी सांगतोय ना." तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "बरं साहेब." माझ्या मुलीचं लग्न झालेलं होतं, पण माझी निवृत्ती दोन वर्षांवर आलेली होती आणि सळईच्या गेटपासवर माझी सही होती. हे मी त्याला बोललो नाही. त्याला ते कळलं नसेल असं मानण्याइतका मी आता बावळट राहिलेलो नाही.

त्यानंतर मांडवकरनं एक नवीन रीत काढली. पिनांचा घाणा केला की त्यातली पहिली पिन तो गिऱ्हाइकासमोर वाइसच्या जबड्यात धरायचा आणि हातोडीचा एकच घाव घालायचा. टक्. पिन मोडली की दोन्ही तुकडे बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि म्हणायचा, "मोडते. घेऊन जा." लोक हसायचे. "मास्तर, दुकानदार वस्तू टिकाऊ म्हणून दाखवतो, तुम्ही मोडून दाखवता होय?" तो हसायचा नाही. मी तिथे असलो की तो टक् असा आवाज मला माझ्या कानशिलावर ऐकू यायचा. एकदा मी वैतागून म्हणालो, "बंद कर रे हे नाटक." त्यानं हातोडी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, हे तुमच्यासाठी नाही." त्या दिवशी मी चहा न पिता घरी आलो. पुढच्या रविवारी परत गेलो, आणि दोघंही काहीच झालं नसल्यासारखे बोलू लागलो. अशी पाच वर्षं काढली आम्ही. इनासचं नाव पुन्हा कधी निघालं नाही. मला वाटायचं, माझ्या सल्ल्यामुळे हा माणूस निभावून गेला… मी वाचवलं त्याला.

त्या वर्षांत मशिनंही एकेक करून संपत गेली. कुणी होडीत आत बसवायची डिझेल इंजिनं घेतली, कुणी होडीच विकून पोरांना नोकरीला लावलं. मोठ्या पुराच्या वर्षी गाळ्यात कमरेएवढं पाणी शिरलं आणि लेथला गंज धरला. तो रोज तासभर ते घासत बसायचा. पोस्टकार्डांना उत्तरं येईनाशी झाली. शेवटच्या वर्षी महिन्यातून एखादंच मशीन यायचं, तरी तो पिना करत राहायचा. कुणासाठी, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं. गाळा रिकामा करून द्यायचा होता. लेथ भंगारवाल्यानं उचललं होतं. ते आकड्याला लोंबकळत टेम्पोत चढताना मी पाहिलं आणि पाठ फिरवली. वहिनींनी तो बिस्किटांचा डबा माझ्यासमोर ठेवला. "भाऊजी, हे पितळ भंगारवाला मागत होता. पण यांनी हा डबा कधी कुणाला हात लावू दिला नाही. म्हटलं, तुम्हाला माहीत असेल काय ते." डब्यात शेकडो तुकडे होते, सगळे अर्धे. तळाशी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली ती. किंचित वाकलेली, अजून चकचकीत. मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणून ते बोंबील खायचे बंद झाले होते." एवढंच. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन उत्तनची बस पकडली.

बस्त्याव घरासमोरच्या ओट्यावर जाळं शिवत बसला होता. मला त्यानं ओळखलं. मांडवकर गेल्याचं सांगितलं तर त्यानं कपाळावर, छातीवर क्रूस केला आणि म्हणाला, "तरीच या बारीला आला न्हाय." मला कळेना. मी विचारलं, "कुठे?" तो म्हणाला, "हतंच. दर वर्षाला यायचा. होड्या उतरायच्या आधी." आणि मग मला कळलं ते असं की, इनासच्या महिन्याच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, म्हणजे मी मांडवकरच्या तोंडाला कुलूप घातलं त्यानंतर तीन आठवड्यांनी, तो एकटा तिथे गेला होता. चर्चबाहेर उभा राहिला. लोक बाहेर आल्यावर इनासच्या बायकोसमोर गेला आणि सगळं सांगितलं. मी विचारलं, "काय म्हणाला?" बस्त्याव म्हणाला, "म्हनला, पीन मी केली, माझ्या अकलेनं केली. मला कोनी सांगितलं न्हवतं. पोलिसात द्यायचा तं द्या." त्यांनी दिलं नाही. पण ती बाई घरी गेली आणि मागोमाग आलेल्या त्याच्या तोंडावर तिनं दार लावलं. त्यानंतर दर वर्षी तो यायचा, तिच्या दारासमोर पायरीवर दगड घेऊन बसायचा, एक पिन मोडायचा आणि बाकीची डबी पायरीवर ठेवून जायचा. डबी बस्त्याव उचलायचा. दार कधीच उघडलं नाही. तो हाटकेशहून दोन बस बदलून यायचा, आणि पुढच्या रविवारी मी त्याच्यासमोर बसून चहा पीत त्याला सल्ले द्यायचो.

मी म्हणालो, "बस्त्याव, ते खोटं होतं. सळई मी आणून दिली. तो नको म्हणत होता. मीच लावलं त्याला करायला." त्याच्या हातातली सुई थांबली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या त्या बंद दाराकडे पाहिलं. मी उठलो आणि म्हणालो, "मला तिला सांगू दे." तो उठला नाही, फक्त हातानं मला बसवलं. "नका सांगू साहेब," तो म्हणाला. "पाच वर्सं ती एका मानसाला शिव्या देऊन जगली. तो बी आता मेला. आता दुसरा मानूस कुठनं घालू तिच्या जिवाला?" त्यानं पुन्हा जाळं हातात घेतलं. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मशीन अजून चालतंय. पिना मात्र संपल्या."

त्यानंतर दोन महिने झाले. वहिनींना विचारून हे लिहितोय. "लिहा," त्या म्हणाल्या, "पण त्यांना वाईट दिसू देऊ नका." दर वर्षीची ती डबी आता मी न्यायची असं मी ठरवलंय. दार उघडणार नाही हे मला माहीत आहे, आणि उघडलं तरी मला बोलायची बंदी आहे. निदान पायरीपर्यंत तरी कुणीतरी जायला हवं. म्हणून गेल्या आठवड्यात डब्यातले पितळेचे दोन अर्धे तुकडे नमुना म्हणून घेऊन मी हाटकेशला गेलो. मांडवकरच्या गाळ्यात आता स्टीलचे डबे पॉलिश होतात. पिंप होतं त्या जागी डब्यांची चळत आहे. शेजारच्या गाळ्यात एक लेथवाला आहे, चांगला कसलेला माणूस. मी त्याला दोन्ही तुकडे जोडून दाखवले आणि म्हणालो, अशा बारा पाहिजेत, पितळेच्या. त्यानं तुकडे उलटसुलट करून मोडलेल्या जागी अंगठा फिरवला आणि आपुलकीनं, अगदी आपुलकीनं म्हणाला, "अंकल, पीतल में मत बनवाओ, देखो टूट गया है. मैं स्टील में बना देता हूँ. ज़िंदगी भर नहीं टूटेगा."